परसातील रातांबा

मे महिना अर्ध्यावर आला की रत्नागिरीच्या आसपासच्या गावांत घरोघरच्या खळ्यांतून दोन रंग दिसू लागतात. एकीकडे आंब्याच्या साठांचा पिवळा रंग, आणि दुसरीकडे सुपांवर व चटयांवर वाळत घातलेल्या रातांब्याच्या सालींचा गडद तांबडा रंग. हापूस आंब्याची कीर्ती सातासमुद्रापलीकडे पोहोचली आहे. रातांब्याच्या वाट्याला तेवढा मान आलेला नाही. तथापि कोकणातील स्वयंपाकघराचे ज्याच्यावाचून वर्षाचे बाराही महिने अडते, असे फळ रातांबाच होय. आमटीतील आमसूल, जेवणाच्या शेवटी येणारी सोलकढी, उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे ठेवलेले कोकमाचे सरबत आणि थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावावयाचे कोकमतेल, ही सारी या एकाच झाडाची देणगी आहे.

प्रत्येक प्रदेशाचे परसातील फळ निराळे असते. युरोप व उत्तर अमेरिका येथील थंड मुलखांत पुष्कळ लोक घरामागे रासबेरीची झुडपे लावतात. तिची फळे लाल, रसाळ व आंबटगोड असतात. त्या रासबेरीचा एक प्रकार असा आहे की, तो दोन बहर देतो. नव्याने वाढलेल्या काठीच्या शेंड्यावर पहिल्या वर्षीच्या शरद ऋतूत फळे येतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच काठीच्या खालच्या भागावर पुन्हा फळे धरतात. परंतु या झुडपाला थंड हवा मानवते. रत्नागिरीची उष्ण व दमट हवा, जांभ्या दगडाची तांबडी माती आणि चार महिने कोसळणारा पाऊस त्याला सोसणार नाही. ज्याला ही हवा, ही माती आणि हा पाऊस आपलासा वाटतो, असे लाल फळाचे झाड म्हणजे रातांबा. मात्र रासबेरीसारखी घाई त्याला माहीत नाही. त्याला लावणाऱ्याच्या अंगी धीर असावा लागतो, आणि त्याची एक खोड आधीच ठाऊक असावी लागते. ती ठाऊक नसल्यामुळे कित्येक घरांची सात-आठ वर्षांची मेहनत फुकट गेली आहे.

रातांब्याचे मूळ घर पश्चिम घाट आणि त्याच्या पायथ्याची कोकणपट्टी हे होय. कोकण, गोवा आणि कर्नाटकाचा पश्चिम भाग येथील रानांत तो आपोआप उगवतो. गोव्यात व दक्षिण कोकणात त्याला भिरंड म्हणतात. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने लिहिलेला औषधी वनस्पतींवरील ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. त्या ग्रंथातही या आंबट फळाचा उल्लेख आहे. वनस्पतिशास्त्रात या झाडाला ‘गार्सिनिया इंडिका’ असे नाव आहे. यातील पहिला शब्द अठराव्या शतकातील लॉरां गार्सँ या निसर्गअभ्यासकाच्या नावावरून घेतलेला आहे, आणि दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘भारतातील’ असा आहे.

रातांब्याचे झाड दिसावयास मोठे डौलदार असते. बुंधा सरळ वाढतो, आणि त्याच्या चहूबाजूंस निघालेल्या फांद्या टोकाशी खाली झुकतात. त्यामुळे दुरून पाहणाऱ्यास ते एखाद्या हिरव्या शंकूसारखे भासते. पाने गर्द हिरवी व तुकतुकीत असून कोवळी पालवी तांबूस असते. झाड सदाहरित असल्यामुळे भर उन्हाळ्यातही त्याची सावली उणी होत नाही. हिवाळ्यात त्याला लहान लहान फुले येतात. पुढे लिंबाएवढी हिरवी फळे धरतात. ती चैत्र-वैशाखात पिकू लागतात, आणि पिकताना हिरव्याची तांबडी व तांबड्याची गडद जांभळी होतात. सर्व फळे एकदम पिकत नाहीत. एकाच फांदीवर हिरवे, तांबडे आणि जांभळे फळ एकाच वेळी दिसते. म्हणून तोडणीही एका दिवसात संपत नाही. काही दिवसांच्या अंतराने अनेक वेळा झाडाखाली जावे लागते.

आता त्या खोडीकडे वळू. आंब्याच्या किंवा फणसाच्या कोणत्याही झाडाला फळ धरू शकते. रातांब्याचे तसे नाही. रातांब्यात सामान्यतः नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. नर झाडाला येणाऱ्या फुलांत पुष्कळ पुंकेसर असतात व त्यांतून परागकण निर्माण होतात. मादी झाडाच्या फुलात मधोमध एक गोल बीजकोश असतो. परागकण त्या फुलापर्यंत पोहोचले म्हणजे त्याच बीजकोशाचे पुढे फळ होते. याचाच अर्थ असा की, नर झाड कितीही थोराड झाले, त्याला कितीही फुले आली, तरी त्यावर रातांबा लागत नाही.

हे नर-मादीपण बीमध्ये पाहून ओळखता येत नाही, आणि कोवळ्या रोपाच्या पानांवरूनही ओळखता येत नाही. झाडाला पहिली फुले येतात तेव्हाच ते उघड होते. बी रुजवून केलेल्या झाडाला फुले येण्यास सात-आठ वर्षे लागतात. सहाव्या इयत्तेत शिकणाऱ्या एखाद्या मुलाने परसात एक बी रुजवले, रोज त्याला पाणी घातले, गुरांपासून जपले, तर त्याची शाळा संपून तो महाविद्यालयात जाईल तेव्हा कोठे त्या झाडाला फुले येतील. आणि इतक्या वर्षांनी ते झाड नर निघाले, तर त्या घराच्या वाट्याला सावलीखेरीज काही येणार नाही. बियांपासून झालेल्या रोपांत सुमारे निम्मी रोपे नर निघतात. म्हणजे एकच बी लावणे हे नाणे उडवून छाप की काटा पाहण्यासारखे आहे. फरक एवढाच की, हे नाणे खाली पडावयास सात-आठ वर्षे घेते.

जुने जाणते लोक म्हणूनच एका बीवर विसंबत नसत. ते चार-सहा रोपे लावीत. यामागील हिशेब सोपा आहे. एक रोप नर निघण्याचा संभव दोनांत एक. दोन्ही रोपे नर निघण्याचा संभव चारांत एक. तीनही नर निघण्याचा आठांत एक, आणि चारही नर निघण्याचा सोळांत एक. चार रोपे लावणाऱ्याची पूर्ण निराशा होण्याचा संभव असा बराच कमी होतो. परंतु चार झाडांना जागाही चौपट लागते, आणि ज्याचे परसू लहान आहे त्याने काय करावे, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे उत्तर कलमाने दिले. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली येथे 1972 साली कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. कोकणातील अनेक झाडांतून निवड करून तेथील शास्त्रज्ञांनी रातांब्याच्या दोन उत्तम जाती पुढे आणल्या. ‘कोकण अमृता’ ही जात 1997 साली आणि ‘कोकण हातीस’ ही जात 2006 साली प्रसृत झाली. पहिल्या जातीची फळे लवकर तयार होतात. दुसरीची फळे आकाराने मोठी, गडद लाल व जाड सालीची असतात. या जातींची रोपे बियांपासून करीत नाहीत, तर कलम बांधून करतात.

कलम बांधण्याची रीत अशी. प्रथम पिशवीत बी रुजवून एक साधे रोप तयार करतात. त्याचा कोवळा शेंडा छाटून खोडाच्या मधोमध खाली एक उभी चीर देतात. मग भरपूर फळे देणाऱ्या मादी झाडाची तेवढ्याच जाडीची काडी आणून तिचे खालचे टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखे करतात, आणि ती पाचर त्या चिरेत बसवितात. सांध्याभोवती प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळतात, आणि काडी सुकू नये म्हणून तिच्यावर पिशवीची टोपी घालतात. काही दिवसांत सांधा जुळतो व काडीला नवी पालवी फुटते. कोवळ्या लाकडावर हे कलम बांधले जाते, म्हणून त्याला मृदुकाष्ठ कलम म्हणतात. मुळे एका रोपाची आणि वरचा विस्तार दुसऱ्या झाडाचा, असा हा संयोग असतो. काडी मादी झाडाची असल्यामुळे कलमही मादीच होते. शिवाय काडी प्रौढ झाडावरील असल्यामुळे कलमाला फळे येण्यास सात-आठ वर्षे लागत नाहीत. चार-पाच वर्षांत ती येऊ लागतात.

काडी निवडतानाही विचार करावा लागतो. रातांब्याचा मुख्य शेंडा सरळ वर जातो, तर बाजूच्या फांद्या आडव्या वाढतात. सरळ वाढणाऱ्या शेंड्याची काडी घेतली तर कलमही सरळ उंच वाढते. आडव्या फांदीची काडी घेतली तर कलम झुडपासारखे जमिनीलगत पसरते. फांदीने आपली चाल सोडलेली नसते, हेच यावरून दिसते. म्हणून कलम विकत घेताना ते मादी झाडाचे आहे काय आणि त्याचा शेंडा सरळ आहे काय, या दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी.

येथे एक चूक पुष्कळांच्या हातून होते. नर झाड फळ देत नाही म्हणून ते निरुपयोगी, असे समजून लोक त्यावर कुऱ्हाड चालवितात. परंतु परागकण नर झाडाकडूनच मिळावयाचे असतात. आसपास एकही नर झाड उरले नाही, तर मादी झाडे फुलांनी भरतील आणि फळांवाचून राहतील. म्हणूनच बाग लावणाऱ्यास दर दहा झाडांत एक झाड नराचे ठेवण्याचा सल्ला दिला जातो. लहान परसात एकच कलम लावावयाचे असेल, तर शेजारच्या परड्यात किंवा जवळच्या रानात नर झाड आहे काय, हे आधी पाहावे. शेजाऱ्याचे ‘वांझ’ झाड आपल्या रातांब्याचा अर्धा वाटेकरी असू शकते.

लावणीची तयारी उन्हाळ्यातच करावी लागते. सुमारे दोन फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट खोल असा खड्डा खणून तो काही दिवस उन्हात तापू द्यावा. नंतर चांगली माती, कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा यांनी तो भरून काढावा. पाण्याचा निचरा होईल अशी जागा निवडावी, कारण मुळांशी पाणी साचून राहणे बरे नाही. दोन झाडांत वीस फुटांचे अंतर असले म्हणजे फांद्यांना मोकळीक मिळते. मृगाचा पाऊस पडून जमीन भिजली की कलम लावावे. पिशवी फाडताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नये, आणि कलमाचा सांधा जमिनीच्या वर राहील याची काळजी घ्यावी. वाऱ्याने कलम हलू नये म्हणून त्याला काठीचा आधार द्यावा.

रातांब्याचे बालपण सावलीत जाते. रानातही त्याची रोपे मोठ्या झाडांच्या आडोशाने वाढतात. म्हणून पहिल्या उन्हाळ्यांत कलमावर माडाच्या झावळ्यांची सावली करावी, बुंध्याभोवती आळे करून त्यात पालापाचोळा पसरावा आणि नियमाने पाणी घालावे. कोकणातील बागायतदार नारळी-पोफळीच्या बागेत रातांबा लावतात, त्याचे एक कारण हेच आहे. सांध्याच्या खालून एखादा फुटवा आला तर तो लगेच काढून टाकावा. तो फुटवा मूळ रोपाचा असतो, आणि मूळ रोप नर असेल तर त्या फुटव्याचे झाडही नरच होणार. निष्काळजी माणसाच्या परसात वरची मादी काडी दुबळी होते, खालचा फुटवा जोमाने वाढतो, आणि मादीचे कलम लावूनही फळ का येत नाही, असा प्रश्न त्याला पडतो. दोन-तीन वर्षे अशी जपणूक केली की पुढे हे झाड फारसे काही मागत नाही. पूर्ण वाढलेले चांगले झाड एका हंगामात 100 किलोग्रॅमहून अधिक फळे देऊ शकते.

फळे पिकू लागली की दुसरी शर्यत सुरू होते, आणि ती पावसाशी असते. कोकणात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो. रातांब्याचा हंगामही तोवर चालूच असतो. पाऊस लागला की पिकलेली फळे गळून चिखलात पडतात व कुजतात; तोडून आणलेली फळे वाळविण्यास ऊन मिळत नाही. उशिरा पिकणाऱ्या झाडाचे अर्धेअधिक पीक अशा रीतीने वाया जाते. लवकर पिकणारी जात निवडण्याचे महत्त्व यात आहे. पावसापूर्वी आठ-पंधरा दिवस फळे हाती आली तर त्यांची आमसुले होतात. आठ-पंधरा दिवस उशीर झाला तर तीच फळे झाडाखाली सडतात.

आमसुले करण्याचे काम घरातील सर्वांचे असते. पिकलेली फळे धुऊन, पुसून, दोन भागांत कापतात. आतील पांढरा गर व बिया एका भांड्यात काढून त्यांत मीठ घालतात, म्हणजे गराला रस सुटतो. साली उन्हात पसरतात. त्या थोड्या सुकल्या की रसात बुडवितात व पुन्हा उन्हात घालतात. असे पाच-सहा वेळा करतात. यालाच पुटे देणे म्हणतात. प्रत्येक पुटाबरोबर साल अधिक आंबट, अधिक मऊ व अधिक काळसर होत जाते. या सालीला ‘सोल’ म्हणतात, आणि सोलांपासून केलेली कढी ती सोलकढी. सालींत मीठ घालून काही दिवसांनी निघणारा खारट-आंबट रस म्हणजे आगळ. सालींच्या वाट्या साखरेने भरून त्या बरणीत ठेवल्या की साखर विरघळून दाट लाल पाक तयार होतो. त्यालाच अमृत कोकम असे नाव आहे. हे सर्व पदार्थ काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवतात, कारण आंबट रसाने तांब्या-पितळेची भांडी कळकतात.

बियाही वाया जात नाहीत. त्या वाळवून फोडतात, आतील मगज कुटतात आणि पाण्यात उकळतात. बियांत सुमारे पाव हिस्सा स्निग्ध पदार्थ असतो. तो पाण्यावर तरंगू लागतो. मग तो काढून घेऊन हाताच्या मुठीत वळून त्याचे गोळे करतात. म्हणून रत्नागिरीकडे त्याला मुठेल म्हणतात. हे तेल असूनही नेहमीच्या हवेत घट्ट राहते, आणि माणसाच्या अंगाच्या उष्णतेच्या जवळपास ते वितळते. भेगाळलेल्या टाचांवर चोळले की ते त्वचेत मुरते, त्याचे कारण हेच. आज सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यांतही त्याला मागणी आहे.

रातांब्याच्या रंगातही एक गंमत आहे. सालीतील लाल रंगद्रव्य आंबट पदार्थात लाल राहते. परंतु कोकमाच्या पाण्यात खाण्याच्या सोड्याचे पाणी थेंब थेंब घातले, तर त्याचा तांबडेपणा जाऊन निळसर छटा येऊ लागते, आणि लिंबू पिळले की तो पुन्हा तांबडा होतो. प्रयोगशाळेत आम्ल व अल्कली ओळखण्यासाठी जो कागद वापरतात, त्याचेच काम घरातील हे पाणी करू शकते.

ज्याच्या परसात जागा आहे, त्याला हे झाड लावणे कठीण नाही. बियांपासून रोप करावयाचे असल्यास बी ताजे असतानाच पेरावे, कारण ते फार दिवस ठेवल्यास रुजत नाही. फळाची खात्री हवी असल्यास मात्र मादीचे कलम आणावे, आणि शेजारचे नर झाड राखावे. या पावसाळ्यात सहावीतील मुलाने लावलेले कलम तो दहावी-अकरावीत जाईपर्यंत पहिली फळे देऊ लागेल. पहिल्या वर्षी ती मोजकीच असतील. कदाचित एक सूपही भरणार नाही. पण मृगाचा पहिला ढग दिसताच घरातील माणसे खळ्यातील सोले उचलण्यास धावतील, तेव्हा त्यांत त्या झाडाची सोलेही असतील, आणि श्रावणात बाहेर पाऊस कोसळत असताना ताटात येणारी कढी त्याच्याच रंगाने लाल झालेली असेल.